रुग्णालयाबाहेरची चूल

गेल्या काही वर्षांत आमच्या परिचयाच्या एका कुटुंबावर अकल्पित संकट कोसळले. घर जालना जिल्ह्यातील एका खेड्यात. नवराबायको दोघेही शेतमजुरी करणारे. पदरी दोन मुले. थोरल्या मुलीला, सहा वर्षांच्या, वारंवार ताप येऊ लागला, अंगावर निळसर डाग दिसू लागले, आणि तालुक्याहून जिल्ह्याला व जिल्ह्याहून मुंबईला अशी वणवण झाल्यावर निदान झाले ते रक्ताच्या कर्करोगाचे. मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात उपचार सुरू झाले. औषधांचा खर्च शासकीय योजनेतून व धर्मादाय निधीतून भागला. डॉक्टर निष्णात होते, परिचारिका मायाळू होत्या. आहारतज्ज्ञ बाईंनी आईला समोर बसवून सांगितले, की मुलीला दर दोन तासांनी थोडे थोडे भरवा. डाळ, अंडे, दूध पोटात गेलेच पाहिजे. जे द्याल ते ताजे शिजवलेले असू द्या आणि बाहेरचे काही देऊ नका. आईने सारे निमूटपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला : "घालीन की म्याडम. पण शिजवू कुठं?"

या प्रश्नाचे उत्तर त्या खोलीत कोणापाशीच नव्हते. रुग्णालयाजवळच्या एका चाळीत त्यांनी जी खोली भाड्याने घेतली होती, तिच्या मालकाची अट होती की खोलीत स्टोव्ह अथवा गॅस पेटवावयाचा नाही. आग लागण्याची भीती त्यालाही होती, आणि ती अगदीच अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. परिणामी तीन आठवडे त्या मुलीचे जेवण म्हणजे बिस्किटे, पाव, चहा आणि समोरच्या खाणावळीतील वरणभात. तिचे वजन घटले, तोंडाला फोड आले, जुलाब झाले, ताप चढला आणि औषधाचा पुढचा फेरा दोन आठवडे लांबणीवर पडला. केसपेपरावर तापाची नोंद झाली, जुलाबाची झाली, रक्तातील पेशींच्या संख्येची झाली. चुलीची नोंद करावयास त्यावर रकानाच नव्हता.

हा रकाना असावयास हवा, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. कर्करोग झालेल्या मुलाची शुश्रूषा करणाऱ्या माणसाला शिजवण्याची जागा, शिधा आणि काय कसे शिजवावे याचे ज्ञान मिळणे हा दयेचा विषय नसून उपचाराचा भाग आहे, आणि उपचाराच्या खर्चात त्याची गणना झाली पाहिजे.

बरा होणारा रोग

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कर्करोग म्हटला की सामान्य माणसाच्या मनात सर्वनाशाचीच कल्पना येते. मुलांच्या बाबतीत ती खरी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना कर्करोग होतो. संपन्न देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत मात्र हेच प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. याच संघटनेने २०१८ साली बालकर्करोगाविषयी एक जागतिक कार्यक्रम हाती घेतला आणि २०३० पर्यंत सर्वत्र निदान ६० टक्के मुले वाचावीत असे उद्दिष्ट ठेवले.

ऐंशी आणि तीस यांच्यामधील अंतर कशामुळे पडते? औषधे बहुतांशी तीच आहेत. ती कोणत्या क्रमाने व किती द्यावयाची याचे शास्त्रही आता सर्वत्र उपलब्ध आहे. अंतर पडते ते निदानाला लागणाऱ्या विलंबाने, अर्ध्यावर सोडलेल्या उपचारांमुळे, आणि औषधांचा भार सहन न झाल्याने ओढवणाऱ्या जंतुसंसर्गामुळे. यांपैकी शेवटच्या दोन कारणांचा धागा थेट ताटापर्यंत जाऊन पोचतो. कुपोषित मुलाच्या शरीरात औषधाचे विषारी परिणाम अधिक तीव्र होतात, आतड्याचे आणि तोंडाचे अस्तर लवकर भरून येत नाही, संसर्गाशी झुंजण्याची ताकद कमी पडते. मग डॉक्टरांना मात्रा कमी करावी लागते किंवा फेरा पुढे ढकलावा लागतो. आणि रोगाला नेमकी तीच उसंत हवी असते.

आपल्याकडे तर मूल आजारी पडण्यापूर्वीच ही अर्धी लढाई हरलेली असते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती आणि ३२.१ टक्के मुलांचे वजन कमी होते. महाराष्ट्रात कमी वजनाचे प्रमाण ३६.१ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीहूनही अधिक होते. या मुलांपैकीच काहींना कर्करोग होतो. त्यात पोटातील गाठीचे वजनही शरीराच्या वजनात मोजले जात असल्याने काटा पुष्कळदा फसवतो. म्हणून जाणकार आहारतज्ज्ञ मुलाच्या दंडाचा घेर फितीने मोजतात. दंडाची ती फीत जे सांगते ते ऐकून कृती करण्याची जागा मात्र रुग्णालयाबाहेर, आईच्या हाती असते.

परळचा विसरलेला धडा

अन्न आणि हा रोग यांचा संबंध सांगणारी एक हकिगत याच परळमध्ये घडलेली आहे. शाळेच्या पुस्तकांत ती सहसा आढळत नाही, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो.

१९२८ साली लूसी विल्स नावाची एक इंग्रज संशोधिका मुंबईस आली. गिरणगावातील गरीब स्त्रियांना गर्भारपणात एक विलक्षण रक्तक्षय होई आणि त्यात कित्येकींचा अंत होई. त्याचे कारण शोधण्याचे काम तिने परळच्या हाफकिन संस्थेत राहून केले. या स्त्रियांच्या घरी जाऊन त्या काय खातात याचा तिने कसून तपास केला, आणि तिच्या ध्यानात आले की दोष कोणा जंतूचा नसून ताटाचा आहे. यीस्टपासून केलेला एक स्वस्त अर्क, ज्याला बाजारात 'मार्माइट' म्हणत, दिला असता या स्त्रियांचे रक्त सुधारते, हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात घटक काही काळ 'विल्स घटक' म्हणूनच ओळखला गेला. पुढे तो पालेभाजीतही सापडला आणि त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले.

कथा इथे संपत नाही. आंध्रातील भीमवरमचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेने हे आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी फोलिक आम्लाचे एक रूप रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांना देऊन पाहिले, तेव्हा रोग कमी होण्याऐवजी बळावल्यासारखा त्यांना दिसला. यावरून त्यांनी उलटा तर्क केला : जे या पेशींना पोसते त्याचा मार्गच अडवला तर? सुब्बारावांच्या सहकाऱ्यांनी बनवलेले फोलिक आम्लविरोधी द्रव्य त्यांनी १६ मुलांना दिले आणि १० मुलांमध्ये रोग काही काळ तरी मागे हटला. हा वृत्तान्त १९४८ साली प्रसिद्ध झाला. बालकर्करोगावरील आधुनिक औषधोपचाराचा तो आरंभ होय. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आज परळच्या रुग्णालयात जालन्याच्या त्या मुलीलाही मिळते.

या हकिगतीतून दोन धडे निघतात. पहिला असा, की गिरणी कामगार स्त्रीच्या रित्या ताटाकडे कोणीतरी शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले म्हणून ही साखळी सुरू झाली. दुसरा धडा सावधगिरीचा आहे. अन्न हे कर्करोगाचे औषध नाही. अमुक रस प्या, तमुक पाला चघळा, दूध व साखर तोडा म्हणजे गाठ उपाशी मरेल, असे सांगणारे हितचिंतक प्रत्येक रुग्णाच्या दारी येतात. त्यांचे ऐकले तर गाठीच्या आधी मूल उपाशी राहते. शक्तिवर्धक म्हणून घेतलेली साधी गोळीदेखील चालू औषधाच्या आड येऊ शकते, आणि ती डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये. अन्न रोग बरा करीत नाही. रोग बरा करणारे औषध सोसण्याचे बळ ते देते. म्हणून शुश्रूषा करणाऱ्याला नेमके आणि खरे ज्ञान हवे, श्रद्धेचा किंवा भीतीचा आहार नको.

शिजवणे म्हणजे काय

"मुलाला पौष्टिक द्या" हे वाक्य उच्चारावयास जितके सोपे तितकेच आचरावयास कठीण आहे. औषधांच्या फेऱ्यात मुलाची भूक रोज नवे रूप घेते. मेथोट्रेक्सेटमुळे तोंड सोलवटले म्हणजे तिखट, आंबट, कोरडे काहीच चालत नाही. तेव्हा मूगडाळीचा आसट भात तूप घालून, गार करून, चमच्याने भरवावा लागतो. व्हिन्क्रिस्टीनने जबडा दुखतो आणि शौचास साफ होत नाही. तेव्हा मऊ भाज्या, पपई आणि भरपूर पाणी यांचा आधार घ्यावा लागतो. जिभेला धातूची चव येते आणि कालपर्यंत आवडणारी आमटी आज मूल दूर लोटते. उलटीची भावना असताना फोडणीचा वासही सहन होत नाही. आणि स्टेरॉइड सुरू असताना याच्या नेमके उलट होते. मूल रात्री दोन वाजता उठून जेवावयास मागते, ते दिले की पुन्हा तासाभराने मागते, न दिल्यास आकांत करते. ज्या आईने सकाळी एक घास जावा म्हणून नवस बोलले असतील, तिच्यावर आठवड्याभराने खारट पदार्थ आणि साखर मोजून देण्याची वेळ येते.

अशा वेळी वही-पेन्सिलीतील उष्मांकांचा हिशेब कामास येत नाही. आईला वाटी, पळी, मूठ या मापांत सांगावे लागते. मुलाला एकदाच पुष्कळ जात नसेल तर थोड्यातच पुष्कळ सामावले पाहिजे : पेजेत दुधाची भुकटी, भातात चमचाभर अधिक तूप, खिमटीत डाळीचे प्रमाण दुप्पट, पोळीच्या कणकेत सोयाबीनचे किंवा डाळीचे पीठ, शेंगदाणे व गूळ यांचे कूट, पूर्ण उकडलेले अंडे. नाचणीचे सत्त्व आपल्याकडील कोणत्याही आजीला ठाऊक आहे. बिहारहून आलेल्या आईपाशी सातू आहे, बंगालहून आलेलीपाशी पातळ माशाचा रस्सा आहे. यांतील एकही वस्तू दुर्मीळ नाही. ज्ञान या स्त्रियांपाशी आहेच. त्या ज्ञानाला नव्या परिस्थितीत कसे वळवावे एवढे सांगणारे कोणीतरी, आणि एक शेगडी, इतकेच हवे असते.

स्वच्छतेची गोष्ट तर याहून महत्त्वाची. औषधांमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात तेव्हा जो जंतू तुम्हाआम्हांला एखाद्या दिवसाच्या पोटदुखीवर सोडून देतो, तो या मुलाच्या जिवावर बेततो. पूर्वी अशा मुलांना फळेभाज्या सरसकट वर्ज्य केल्या जात. तुलनात्मक अभ्यासांत आढळले की एवढ्या कडक पथ्याने संसर्ग कमी होत नाहीत. हात धुणे, उकळलेले पाणी, नीट धुऊन सोललेले फळ, पूर्ण शिजलेले व लगेच खाल्लेले अन्न हे साधे नियम पाळले तर तेवढेच संरक्षण मिळते. ही मोठ्या दिलाशाची गोष्ट आहे, कारण हे नियम गरिबालाही पाळता येतात. परंतु त्यांपैकी प्रत्येक नियम नळ, भांडे आणि ज्योत गृहीत धरतो. पदपथावर राहणाऱ्या आईपाशी यांतील काय असते?

पदपथ हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेला नाही. १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय परळला उघडले, तेव्हापासून साऱ्या देशातून रुग्ण तिथे येत आहेत. ज्यांना धर्मशाळेत जागा मिळत नाही अशी कुटुंबे परळ, दादर भागांतील रस्त्यांच्या कडेला, उड्डाणपुलाखाली मुक्काम करतात, हे मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिलेले आहे. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. त्यांतील पहिले काही महिने कुटुंबाला रुग्णालयाजवळच राहावे लागते, आणि त्यांतील बहुतेक दिवस मूल रुग्णालयात भरती नसते. सकाळी यावे, सुई घ्यावी, संध्याकाळी परतावे. परतावे कुठे, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावयाचा.

तयार जेवण का पुरत नाही

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. मुंबईत दानशूरांची वाण नाही. रुग्णालयांच्या दाराशी रोज शेकडो लोकांना अन्न वाटले जाते. मग प्रत्येक आईला चूल हवी कशाला?

अन्नदान करणाऱ्यांविषयी आम्हांला आदरच आहे. रात्रभर बाकावर बसलेल्या बापाला ती खिचडीची पत्रावळ म्हणजे मोठाच आधार असतो. तथापि आजारी मुलाची भूक रांगेची वेळ पाळत नाही. बाराला वाटलेले अन्न चारला त्या मुलासाठी सुरक्षित राहत नाही. पाचशे माणसांसाठी केलेल्या भाजीत एकाच्या तोंडातील फोडांचा विचार करणे कोणालाही शक्य नाही. फळे आणि बिस्किटे वाटणाऱ्यांचा हेतू निर्मळ असतो, पण बिस्किटांनी पोट भरते आणि जेवण मागे पडते.

आणखी एक कारण आहे, ते तराजूत मोजता येणार नाही. मोठ्या रुग्णालयात पाऊल टाकताच आईबाप सर्व बाजूंनी पराधीन होतात. भाषा परकी, यंत्रे परकी, सुई दुसऱ्याच्या हाती, निर्णय दुसऱ्याच्या हाती. मुलासाठी आपण काही करू शकतो अशी एकच गोष्ट आईपाशी उरलेली असते आणि ती म्हणजे त्याच्या तोंडात घास घालणे. तीही काढून घेतली म्हणजे ती केवळ प्रतीक्षालयातील एक संख्या होते. उपचार अर्ध्यावर सोडून गावी परतणाऱ्या कुटुंबांची कारणे चौकशी करणाऱ्यांनी नोंदलेली आहेत. पैसा, अंतर, घरी राहिलेली मुले. त्या यादीत ही असहायता सहसा लिहिली जात नाही, पण ती असते.

आणि शुश्रूषा करणारी स्वतः काय खाते? अगोदर मुलाचे, मग नवऱ्याचे, उरले तर आपले, ही आपल्या घरांची जुनी रीत मुंबईच्या पदपथावर अधिकच कठोर होते. आहारतज्ज्ञाच्या कागदावर मुलाचे नाव असते, आईचे नसते. तिला चक्कर आली, तिला ताप आला, तर मुलाला उचलून चौथ्या मजल्यावर नेणार कोण, याचा विचार शिध्याचा हिशेब करताना झाला पाहिजे. घरी आजीपाशी ठेवलेल्या धाकट्याची काळजी तिला आतून पोखरीत असते, ती निराळीच.

जे झाले आहे, जे व्हावयास हवे

या दिशेने काहीच झालेले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. गाडगे महाराजांनी देवळे न बांधता धर्मशाळा बांधल्या, आणि त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा कित्येक कर्करुग्णांचा आसरा झाली आहे. २००६ पासून मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था कर्करुग्ण मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य निवारा देते. तिथे प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा, सामाईक स्वयंपाकघरात शिजवण्याची सोय आणि शिधाही मिळतो. २०१३ साली स्थापन झालेली कडल्स फाउंडेशन ही संस्था सरकारी व धर्मादाय रुग्णालयांत बालकर्करोगासाठी आहारतज्ज्ञ पुरवते. टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागानेही निवारा, अन्न, पैसा व समुपदेशन यांची सांगड घालून उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाण गेल्या दीड दशकात लक्षणीय रीतीने खाली आणले. म्हणजे काय करावे हे ठाऊक आहे, आणि ते केल्याने गुण येतो हेही ठाऊक आहे.

परंतु हे सारे देणगीदाराच्या मर्जीवर उभे आहे. मुंबईत जे थोड्यांना मिळते ते नागपूर, औरंगाबाद म्हणून आजवर ओळखले गेलेले छत्रपती संभाजीनगर, किंवा सोलापूर येथे उपचार घेणाऱ्याला मिळेलच असे नाही. शासनाच्या योजनांकडे पाहावे तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना काय किंवा २०१८ पासूनची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना काय, दोहोंत रुग्णाच्या जेवणाची सोय आहे, पण ती रुग्णालयात भरती असेपर्यंत. बालकर्करोगाचा उपचार बहुतांशी भरती न होता चालतो. जिथे गरज सर्वांत अधिक, तिथेच योजनेची हद्द संपते.

अन्न हा उपचार आहे हे शासनाला नवीन नाही. क्षयरोग्याला पोषणासाठी दरमहा पैसे देण्याची निक्षय पोषण योजना २०१८ पासून चालू आहे. आरंभीची ५०० रुपयांची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये करण्यात आली. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या कुटुंबीयांना शिधा देऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तीव्र कुपोषित बालकांसाठी असलेल्या पोषण पुनर्वसन केंद्रांत आईला मुलाजवळ राहता येते, तिला बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळते आणि पौष्टिक पदार्थ करावयास शिकवले जाते. क्षयाला जे लागू, कुपोषणाला जे लागू, ते कर्करोग झालेल्या मुलाला लागू का नसावे? या मुलांची संख्या त्या मानाने अल्प आहे. खर्चही अल्पच असेल.

तेव्हा मागणी स्पष्टपणे मांडावी हे बरे. बालकर्करोगाचे उपचार करणाऱ्या प्रत्येक सरकारी व धर्मादाय रुग्णालयाजवळ एक सामाईक स्वयंपाकघर असावे : ओटे, गॅसच्या शेगड्या, उकळलेले पाणी, कुलूप लागणारी कपाटे, देखरेखीस एक माणूस. आहारतज्ज्ञाचे पद त्या विभागात मंजूर व कायम असावे, आणि तिने आठवड्यातून एकदा तरी शेगडीपाशी उभे राहून शिकवावे. उपचार बाहेरून चालू असेतो मुलाला व त्याच्यासोबतच्या एका माणसाला डाळ, तेल, अंडी, दुधाची भुकटी यांचा शिधा आरोग्य योजनेच्या खर्चातून मिळावा. रेल्वे कर्करुग्णाला व त्याच्या सोबत्याला भाड्यात सवलत देते, म्हणजे सोबती ही उपचाराची गरज आहे हे तत्त्व एका सरकारी खात्याने मान्य केलेलेच आहे. दुसऱ्याने ते पुढे न्यावे.

हे होईपर्यंत आपल्यासारख्यांनी करण्याजोगेही पुष्कळ आहे, आणि हा लेख वाचणारे शिक्षक, कारकून, विद्यार्थी ते करू शकतात. परराज्यातून आलेल्या कित्येक कुटुंबांना ठाऊक नसते की त्यांच्या गावच्या शिधापत्रिकेवर आता मुंबईतील दुकानातूनही धान्य मिळू शकते, आणि अन्नसुरक्षा कायद्याखालील हे धान्य २०२३ पासून मोफत आहे. पाच किलोचा लहान गॅस सिलिंडर मुंबईचा पत्ता नसलेल्यालाही घेता येतो, हेही अनेकांना माहीत नसते. अर्ज भरून देणे, दुकानापर्यंत सोबत जाणे, एवढ्याने एका कुटुंबाचा महिना तरतो. अन्नदान करावयाचे असेल तर रुग्णालयातील समाजसेवा विभागाला किंवा आहारतज्ज्ञाला विचारून करावे. बिस्किटांच्या पुड्यांऐवजी तूरडाळ, शेंगदाणे आणि दुधाची भुकटी द्यावी. एखाद्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांनी आहाराच्या सूचना सोप्या मराठीत, हिंदीत व बंगालीत लिहून दिल्या, तर निरक्षर आईला त्या वाचून दाखवणारा कोणीतरी भेटतोच.

जालन्याच्या त्या मुलीची गोष्ट अर्धवट राहिली आहे. चौथ्या आठवड्यात त्याच चाळीत राहणाऱ्या एका वृद्ध बाईंनी तिच्या आईला जिन्यात रडताना पाहिले. त्यांनी फारशी विचारपूस केली नाही. "माझा गॅस सकाळी आठनंतर रिकामाच असतो. तू शिजव, मी जपमाळ ओढीत बसते," एवढेच म्हणाल्या. पुढचे सात महिने त्या दोन शेगड्यांपैकी एक त्या मुलीच्या नावची होती. मुलीचे वजन फार वाढले नाही, पण घटावयाचे थांबले; औषधाचे फेरे पुन्हा फारसे चुकले नाहीत. ती आता गावी परतली आहे, तिसरीत बसते, रोज रात्रीची गोळी घेते आणि ठरलेल्या तारखांना आईसोबत मुंबईस येते. डॉक्टर आशा बाळगून आहेत.

त्या वृद्ध मावशींचे उपकार ते कुटुंब जन्मभर विसरणार नाही. परंतु एखाद्या मुलाचा जीव वाचणे हे जिन्यात कोण भेटते यावर अवलंबून राहावे, ही कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारी गोष्ट नव्हे. "शिजवू कुठं?" हा प्रश्न आज या क्षणीही कुठल्या तरी रुग्णालयाच्या खोलीत कोणीतरी आई विचारीत असेल. तिला द्यावयाचे उत्तर शासनाच्या आदेशात लिहिलेले असले पाहिजे.